बशी उलटी करून पाहा

वाशीम, कारंजा, रिसोडकडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या फडताळात जपानी कपबशी सापडलीच, तर आधी बशी उलटी करा. तिचं कूळ तळाशी लिहिलेलं असतं.

१८९१ पासून अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. तेव्हा तिकडे जाणाऱ्या जपानी भांड्यांवर ‘निप्पॉन’ असं इंग्रजीत छापू लागले. १९२१ नंतर त्या जागी ‘जपान’ आलं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल, तर माल दुसऱ्या महायुद्धानंतरचा, १९५२ पर्यंतचा. पानांच्या वेटोळ्यात ‘एम’ दिसला, तर ती मोरिमुरा-नोरिताके या जपानी भांडी-उत्पादकांची खूण. पण नकली शिक्केही फार; म्हणून नुसत्या शिक्क्यावर न जाता चिनीमातीचा पोत आणि हातरंगाईही बघावी.

बंदुकीचंही तसंच. जपानी अरिसाका रायफलवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं राजचिन्ह असे. जपानच्या शरणागतीनंतर ते बहुतेक बंदुकांवरून घासून काढलं गेलं. एकमेकांत गुंतलेली चार वर्तुळं म्हणजे टोकियोचा आणि पुढे कोकुराचा कारखाना. आपल्या पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं असत.

मात्र माळ्यावर जुनं शस्त्र किंवा काडतूस सापडलं, तर हाताळू नका, घासूनपुसून लख्ख करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्रावरची ओळखखूण खोडणं हाही गुन्हा आहे. थेट जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.