तुटलेला भाग आणि शाबूत भाग
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, "सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, दुसऱ्या कशावरही बोल." म्हणून मी एका जुन्या शिकारी रायफलच्या दुरुस्तीवर बोलणार आहे. हसू नका. मी आयुष्यात कधी शिकार केलेली नाही. पण आठवी ते दहावी टेक्निकल घेतलेल्या मोजक्या मुलींपैकी मी एक होते. कानस धरायला मी याच शाळेत शिकले, आणि पुढे पदवीही मेकॅनिकलची घेतली. पोट मात्र सॉफ्टवेअरवर भरतं.

मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहते. तिथे नोव्हेंबरात नऊ दिवस बंदुकीने हरणांची शिकार करायचा हंगाम असतो. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी गावी जातात, तशी तिथली माणसं त्या दिवसांत जंगलातल्या झोपडीकडे निघतात. आमच्या शेजारच्या आजोबांच्या नातवाचा तो पहिलाच हंगाम होता. त्याने पणजोबांची रायफल घेऊन जावं, अशी आजोबांची फार इच्छा. पण रायफलचा एक भाग तुटला होता. मी संध्याकाळी यंत्रकामाच्या वर्गाला जाते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते ती माझ्याकडे घेऊन आले.

रायफल होती स्प्रिंगफील्ड १९०३. अमेरिकन सैन्यासाठी बनलेली, नंतर नागरिकांना विकलेली आणि लाकूड कापून शिकारीसाठी हलकी केलेली. तिला बोल्ट असतो. दाराच्या कडीसारखा तो उचलायचा, मागे ओढायचा आणि पुन्हा पुढे ढकलायचा. या बोल्टच्या अंगाला एक लांब पोलादी पट्टी असते, तिला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात. तिच्या टोकाची आकडी काडतुसाच्या कडेला पकडते आणि बार उडाल्यावर रिकामं काडतूस बाहेर खेचते. इथे त्या आकडीचंच टोक उडालं होतं, त्यामुळे काडतूस आत अडकून राहत होतं.

दुरुस्ती सोपी होती. या पट्टीला स्प्रिंगसारखी लवचीक राहायचं असतं, म्हणून तिथे वेल्डिंग चालत नाही. उष्णतेने पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. भाग बदलायचाच असतो, आणि या रायफलचे सुटे भाग अजून मिळतात. बोल्ट हत्याराशिवाय हातानेच बाहेर निघतो. पट्टी फिरवून पुढे सरकवली की ती कड्यातून सुटते. नवी पट्टी बसवली, की दारू नसलेलं नकली काडतूस लावून बघायचं: आकडी ते घट्ट धरते का, ओढल्यावर बाहेर फेकते का.

पण आपल्या वर्कशॉपच्या सरांची एक शिस्त होती. तुकडा घासून झाला की ते गुण्या लावून उजेडाकडे धरायला लावत, आणि जी बाजू आपण घासलीच नाही तीही तपासायला लावत. त्या सवयीने मी रिसीव्हरवरचा क्रमांक वाचला. रिसीव्हर म्हणजे ज्यात बोल्ट अडकतो तो मुख्य सांगाडा. क्रमांक पाच लाखांच्या घरातला होता, आणि तिथेच काम थांबलं.

कारण सांगते. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात हे रिसीव्हर तापवून ठोकून घडवले जात. पोलाद किती तापलं हे जुने कसबी कारागीर डोळ्यांनी, रंगावरून ठरवत. आपला गावचा लोहारही असाच रंग बघतो. पण त्याची भट्टी सावलीत असते, उगीच नाही. १९१७ मध्ये काही रायफली फुटल्यावर चौकशी झाली, तेव्हा उलगडा झाला. लख्ख उन्हाच्या दिवशी तापलेला तुकडा फिका दिसतो, म्हणून कारागीर तो आणखी तापवत. ज्युलियन हॅचर या सेनाधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की ढगाळ दिवस आणि उन्हाचा दिवस यांत ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत फरक पडत असे. कारागीर तेच, नजर तीच, फक्त आभाळ वेगळं. अशा जळलेल्या पोलादाला पुन्हा पाणी देऊनही मूळ चिवटपणा येत नाही. पुढे तापमान मोजायला पायरोमीटर आले, आणि १९१८ मध्ये साधारण आठ लाखाव्या क्रमांकापासून उष्णताप्रक्रियाच बदलली. त्याआधीच्या रायफली झाडू नयेत, असा सल्ला आजही दिला जातो.

आजोबा म्हणाले, "माझ्या वडिलांनी हिच्यावर तीस वर्षं शिकार केली. काही झालं नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सगळं सुरळीत असेल तर ठिसूळ रिसीव्हरही हजारो बार सोसतो. पण एखाद्या दिवशी काडतुसाचं बूड फुटलं, तर चौरस इंचाला सुमारे ५० हजार पौंड दाबाचा वायू मागे येतो. चिवट पोलाद अशा वेळी वाकेल, ताणलं जाईल. ठिसूळ पोलाद काचेसारखं फुटतं, आणि तेव्हा नातवाचा चेहरा तिथून वीतभर अंतरावर असणार. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आजोबा, तुटलंय ते मी बसवून देते. पण जे शाबूत दिसतंय, त्याची हमी मला देता येणार नाही."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तरी बसव. मोडकी ठेवायची नाही." मी एक्स्ट्रॅक्टर बसवला आणि त्यांच्याच सांगण्यावरून फायरिंग पिन काढून वेगळी दिली. रायफल आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर आहे. नातू दुसरी रायफल घेऊन गेला. त्याला हरीण मिळालं नाही, पण सुखरूप घरी आला.

माझ्या रोजच्या कामात हेच घडतं. तक्रार येते ती जिथे तुटलं तिथली. तेवढं दुरुस्त केलं की सगळे खूश. खालचा पाया कुणी, कधी, कोणत्या घाईत घातला, हे विचारणारा माणूस कुणालाच आवडत नाही. आपल्या वयाचंही तसंच आहे म्हणा! गुडघा दुखला की आपण डॉक्टर गाठतो. साखर आणि रक्तदाब दुखत नाहीत, म्हणून कुणी मोजत नाही. अनुभवी नजरेचा मला आदरच आहे. पण ती नजर आभाळ बघून बदलते, म्हणून सोबत मोजमाप हवं. सर आम्हाला "डोळ्याला बरोबर दिसतंय" असं कधी म्हणू देत नसत, त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी, इतक्या दूर कळला.

आज सकाळी शाळा बघताना वर्कशॉपला कुलूप दिसलं. खिडकीतून डोकावले, तर शेगडे जागच्या जागी आहेत, गंजलेत एवढंच. आपल्या बॅचच्या निधीतला काही भाग तिथे द्यावा, असं मी सुचवते. कानसी, गुण्ये, व्हर्निअर आणि शिकवायला एक माणूस. शेगड्यांचा गंज काढायला उद्या सकाळी मी थांबणार आहे. कोण कोण येतंय, हात वर करा.