नेटका अभ्यासक्रम, सुरक्षित शुश्रूषा
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत नर्सिंग महाविद्यालयाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाच्या वार्षिक सभेत शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि वाढीव खाटा यांविषयी ऐकण्याची आपणांस सवय आहे. आज आम्ही ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या रचनेविषयी बोलणार आहोत. विषय काहीसा दूरचा वाटेल; परंतु मध्यरात्री आपल्या रुग्णाच्या उशाशी उभी असलेली परिचारिका काय जाणते आणि ते तिला नेमक्या वेळी आठवते की नाही, याचा संबंध तिला मिळालेल्या शिक्षणाच्या मांडणीशी आहे. म्हणून हा विषय रुग्णसेवेचाच आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि देशभरातील महाविद्यालयांना एका रात्रीत संगणकाच्या पडद्यावर जावे लागले. त्या घाईच्या काळात अनेक ठिकाणी टिपणे, चित्रफिती आणि स्लाइड यांचा ढीग संकेतस्थळावर जमा झाला. तो साहित्याचा साठा होता, अभ्यासक्रम नव्हता. औषधांच्या कोठारात सर्व औषधे असतात, पण कोठार म्हणजे उपचार नव्हे. कोणते औषध, किती, केव्हा आणि कशानंतर, हे ठरते तेव्हाच उपचार होतो. अभ्यासक्रमाचेही तसेच आहे.

आमच्या महाविद्यालयात आम्ही 'मूडल' ही प्रणाली वापरतो. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांनी तयार केलेल्या या प्रणालीची पहिली आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध झाली. ती मुक्त असल्याने तिला परवाना शुल्क पडत नाही; खर्च येतो तो सर्व्हरचा, देखभालीचा आणि मुख्यत्वे शिक्षकांच्या वेळेचा. भारतीय परिचर्या परिषदेची बी.एस्सी. नर्सिंगची सुधारित नियमावली २०२१ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाली आणि त्यानुसार सत्र व श्रेयांक पद्धती आली. त्यामुळे प्रत्येक घटकाला किती तास द्यावयाचे, याचा हिशेब काटेकोर ठेवणे क्रमप्राप्त झाले आहे.

रचनेचे पहिले सूत्र असे की, आरंभ शेवटापासून करावा. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ साली आपल्या ग्रंथात हीच पद्धत मांडली. विद्यार्थिनीला अखेरीस काय करता आले पाहिजे, हे प्रथम ठरवावे. ते आले की नाही, हे कसे पारखावे, ते नंतर. आणि काय शिकवावे, ते सर्वांत शेवटी. उदाहरणार्थ, ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यावयाचे आहे आणि संचातून १ मिलिलिटरला २० थेंब पडतात. म्हणजे २४० मिनिटांत १०,००० थेंब, मिनिटाला सुमारे ४२. हे गणित अचूक मांडता येणे आणि हातातील घड्याळ पाहून तो वेग लावता येणे, हे त्या पाठाचे उद्दिष्ट. या उद्दिष्टाशी ज्याचा संबंध नाही, ते कितीही आकर्षक असले तरी त्या पाठात ठेवू नये.

दुसरे सूत्र एकसारखेपणाचे. प्रत्येक आठवड्याचे पान एकाच क्रमाने उघडावे : उद्दिष्ट, थोडे वाचन, लहान चित्रफीत, स्वयंचाचणी, शंकासमाधान आणि शेवटी प्रात्यक्षिकाची तारीख. वॉर्डातील औषधांची ट्रॉली रोज एकाच पद्धतीने लावलेली असते, तेव्हा हात न शोधता पोहोचतो, तद्वतच येथे. एडएक्स या मंचावरील अभ्यासक्रमांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सुमारे ६ मिनिटांपर्यंतच्या चित्रफिती विद्यार्थी सर्वाधिक लक्षपूर्वक पाहतात. म्हणून तासाभराच्या व्याख्यानाचे लहान भाग करणे हिताचे ठरते.

तिसरे सूत्र वारंवार चाचणीचे. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले की, तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्यांच्या स्मरणात आठवड्यानंतर अधिक राहतो. मूडलमध्ये सलाईनच्या गणितातील आकडे प्रत्येक विद्यार्थिनीसाठी वेगळे ठेवता येतात. त्यामुळे शेजारणीचे उत्तर उपयोगी पडत नाही. चुकल्यास कारण तत्काळ समजते आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. येथे झालेल्या चुकीची झळ कोणत्याही रुग्णाला पोहोचत नाही, हा या व्यवस्थेचा सर्वांत मोठा लाभ होय.

मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पडद्यावर पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून शीर सापडत नाही आणि भेदरलेल्या वृद्धाला धीर देणे कोणतीही चित्रफीत शिकवू शकत नाही. ते ज्येष्ठ सिस्टरांच्या सोबतीने खाटेशेजारीच शिकावे लागते. ऑनलाइन पाठाचे काम एवढेच की, विद्यार्थिनी खाटेजवळ येण्यापूर्वी तिची तयारी व्हावी आणि शिक्षिकेचा मोलाचा वेळ प्रत्यक्ष मार्गदर्शनासाठी मोकळा व्हावा.

ग्रामीण भागातून येणाऱ्या कित्येक विद्यार्थिनींचा संगणक म्हणजे हातातील मोबाइल. त्यामुळे फाइल हलकी असावी, मजकूर लहान पडद्यावर वाचता यावा आणि पाठ एकदा उतरवून घेतला की जाळे नसतानाही उघडावा, हा आमचा आग्रह आहे. ज्या मुलीकडे महागडे साधन नाही, तिच्या वाट्याला कमी शिक्षण येता कामा नये. धर्मादाय संस्थेचे ब्रीद रुग्णाइतकेच विद्यार्थिनीलाही लागू आहे.

देणगीदारांना आमची नम्र विनंती अशी की, इमारत आणि यंत्र यांच्यासोबत शिक्षकांच्या तयारीच्या वेळेलाही आपल्या दानात स्थान द्यावे. एक चांगला पाठ रचण्यास पुष्कळ तास लागतात आणि त्या श्रमांवर कोनशिला बसत नाही. मात्र तो पाठ पुढील प्रत्येक तुकडीच्या उपयोगी पडतो, दरवर्षी सुधारता येतो आणि त्याचे फळ अखेर रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते. आपला विश्वास हेच आमचे बळ आहे.