गुहाशोध : साहस आणि नोंद



खानापूर तालुक्यात तळेवाडीजवळ, भीमगडच्या अरण्यात, बारापेडे नावाची गुहा आहे. तेथील वटवाघळाच्या एका जातीचे वर्णन ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञाने १९१३ साली प्रसिद्ध केले व तिला वनाधिकारी रॉटन यांचे नाव दिले. पुढे कित्येक दशके हा जीव जगात याच एका गुहेत राहतो, अशी अभ्यासकांची समजूत होती. गुहेला नाव होते, म्हणजे परिसरातील माणसांना ती ठाऊक होतीच. जगाला मात्र ती ठाऊक झाली एका नोंदीमुळे.

कालांतराने ही जात मेघालयातील गुहांतही आढळली. खोल विवरे आणि विशाल दालने यांचा प्रदेशही तोच. निपाणीची काळी जमीन ज्या काळ्या पाषाणातून घडली, तो लाव्हारसाचा खडक पाण्याने सहजी विरघळत नाही. चुनखडीचे तसे नाही. पावसाचे पाणी मातीतील कर्बवायू शोषून किंचित आम्ल होते, फटींत शिरते आणि दीर्घ काळात दगड झिजवून भुयारे कोरते. मेघालयातील ‘क्रेम लिआत प्राह’ ही गुहा ३० किलोमीटरहून अधिक लांब आहे. खासी भाषेत ‘क्रेम’ म्हणजे गुहा.

अशा विवरात उतरणे म्हणजे उलटे गिर्यारोहण होय. शिखरावर थकलेला माणूस उताराला लागतो. येथे थकल्यावर चढण सुरू होते. सरळ कड्याच्या माथ्यावर दोर किमान दोन ठिकाणी बांधावा लागतो आणि तो खडकाच्या धारेला घासणार नाही, हे पाहावे लागते. एका दोरावर एका वेळी एकच जण. तो खाली पोहोचून दोर मोकळा केल्याची हाक देतो, तेव्हा दुसरा निघतो. दालन मोठे असेल तर दिव्याचा उजेड समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. वर पाऊस झाला तर आत पूर येतो. म्हणून तेथील मोहिमा कोरड्या ऋतूत निघतात.

या साहसाची किंमत पिरेनीज पर्वतात मोजली गेली. १९५० साली, फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर, एका खड्ड्यातून पक्षी बाहेर उडताना जॉर्ज लेपिनो यांना दिसला आणि पिएर सँ-मार्ताँच्या विवराचा पत्ता लागला. उभा कडा सुमारे ३२० मीटरांचा, म्हणजे हजार फुटांहून खोल. १९५२ च्या ऑगस्टमध्ये मार्सेल लुबेन्स पोलादी तारेने वर ओढले जात असताना तारेची पकड सुटली व ते कोसळले. डॉक्टर त्याच तारेने खाली उतरले. तरीही लुबेन्स वाचले नाहीत. सोबत्यांनी त्यांना तेथेच मूठमाती दिली. १९५४ साली त्यांचा देह वर आणण्यात आला.

दरम्यान, १९५३ साली, पुढच्या तुकडीने नदीचा माग काढत सुमारे अडीचशे मीटर रुंदीचे ‘ला व्हेर्ना’ दालन गाठले. आदल्या तुकड्या कुठवर गेल्या, पाणी कोणत्या दिशेला वळते, हे आधीच ठाऊक असल्याने त्यांना प्रारंभ पुन्हा शून्यापासून करावा लागला नाही. पुढे जलविद्युत योजनेसाठी त्या दालनापर्यंत बोगदा खोदला गेला. जेथे पोहोचण्यासाठी प्राण पणाला लागले, तेथे आज सामान्य प्रवासीही पायी जातो.

म्हणूनच दोराइतकीच मोजपट्टी, होकायंत्र आणि वही यांची मातब्बरी आहे. नकाशा न करता परतलेला माणूस केवळ जाऊन आलेला असतो. त्याच्यामागून येणाऱ्याला काळोख तेवढाच राहतो.

नोंदीला आणखी एक कर्तव्य असते. २०११ साली भीमगड अभयारण्य घोषित झाले. त्या रानाच्या महत्त्वाची चर्चा होते, तेव्हा या वटवाघळाचा उल्लेख टाळता येत नाही. मात्र कुतूहलाने आत शिरणारे दिवे आणि गोंगाट विसावलेल्या वटवाघळांना उठवतात. तेव्हा बारापेडेपुरते बोलायचे तर खरा गुहाशोधक तोच, ज्याला मुखाशीच थांबणे कळते. आतले जे जाणून घ्यायचे ते पूर्वीच्यांनी लिहून ठेवले आहे, ते वाचावे. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या या वास्तूत त्याचे मोल निराळे सांगावयास नको.