पोराचा घसा आणि आमची रजा



चालकांची अपेक्षा आम्ही संप-टाळेबंदीवर बोलावे अशी असेल. आम्ही बोलणार आहोत पोराच्या दुखऱ्या घशावर. आम्ही वैद्य नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि इस्पितळांच्या बाकांवर झाले.

अलिबागेपासून मुरुडपर्यंतच्या कोळीवाड्यांत आम्ही हिंडतो. बाप बोटीवर, आई पहाटे पाटी घेऊन बाजारात. पोराचा घसा धरला की म्हातारी पडजीभ उचलते, बोटाने गाठी दाबते. तिच्या मायेबद्दल शंका नाही, पण ते बोट पोराच्या घशात जाऊ नये. बहुतेक घसे विषाणूंनी दुखतात. नाक वाहते, खोकला येतो, आवाज बसतो, आणि आठवड्याभरात सारे आपोआप जाते. त्याला पेनिसिलीन लागत नाही. कोमट पाणी घोट घोट पाजावे, मऊ पेज द्यावी. गुळण्या जमण्याइतके मोठे पोर असेल तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. मध चाटवावा, वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मुळीच नाही. तापाला वजनाच्या मानाने पॅरासिटामॉल, अ‍ॅस्पिरिन नको.

पण थुंकी गिळवेना, लाळ गळू लागली, श्वासाला आवाज येऊ लागला, तर पेज चुलीवर ठेवून तडक इस्पितळ गाठावे. घशात करडा पापुद्रा दिसला तर तो घटसर्प असू शकतो. लसीने तो मागे हटला आहे, संपलेला नाही.

आणखी एक घसा असतो. सर्दी नाही, खोकला नाही. ताप मात्र चढलेला, मानेच्या गाठी दुखऱ्या, टॉन्सिलवर पांढरे ठिपके. हा स्ट्रेप्टोकोकस जंतूचा असू शकतो, आणि तो पाच ते पंधरा वर्षांच्या पोरांना अधिक गाठतो. डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर त्या दहाही दिवस द्याव्यात.

हे आम्ही उशिरा शिकलो. आमचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी आमची गेटसभा. गोळ्या फळीवर राहिल्या. तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, मग घोटा. डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. सांध्यांवाटे येणारा हा ताप हृदयाच्या झडपा धरतो. पुढे बारा वर्षे दर एकवीस दिवसांनी सुई. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलीन निघू लागले, ते गरिबाच्या घरी पोचावे म्हणून. आमच्या घरी ते फळीपर्यंत पोचले होते.

दोष आमचाच. पण घरी बसायचे कोणी, हाही प्रश्न आहेच. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा दिली. ती पंधरा दिवस आधी मागावी लागे. पोराचा घसा अशी नोटीस देत नाही. म्हणून मूल आजारी असता तीन दिवस रजा, असे कलम आम्ही प्रत्येक मागणीपत्रकात घालतो. वाटाघाटीत पहिल्यांदा तेच गळते, आणि खरे सांगायचे तर पगारवाढीपुढे आमचे कामगारही ते सोडून देतात. पुढच्या खेपेला आम्ही पुन्हा घालतो.