ओल पाहून ट्रॅक्टर जंगलात न्या

आज आपण जंगलातून बांबू आणि लाकूड बाहेर काढणाऱ्या ट्रॅक्टरविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, बायांच्या कार्यक्रमात ट्रॅक्टर कशाला? तर त्याच्या चाकाखालची जमीन आपल्या कामाची आहे. तिथंच आपण मोहफुलं वेचतो, तेंदूपत्ता तोडतो. तिथलंच पाणी खाली आपल्या शेतात आणि विहिरीत येतं.

घाटंजी, केळापूर, झरी जामणी, मारेगाव या आपल्या भागात टेकडीवर मुरमाड, बरड जमीन असते आणि खोलगटात काळी चिकण माती. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांतून पाणी मुरतं, मुळं खाली जातात. माती कोरडी असली की कण एकमेकांना घट्ट धरतात आणि वजन सोसतात. ओली झाली की ते सरकतात, पोकळ्या दबतात. भिजवलेल्या कणकेवर बोट ठेवलं की ठसा उमटतो, तसंच.

भर पावसात चाक रुततं, चाकोरी पडते, ते सगळ्यांना दिसतं. खरी फसगत होते ती पाऊस उघडल्यावर. वरची माती सुकलेली दिसते, पण वीतभर खाली ओल असते. चाक रुतत नाही, तरी आतली माती घट्ट दाबली जाते. परतीच्या पावसानंतर आणि अवकाळीनंतर हे हमखास होतं.

अशा वाटेवर पाणी मुरत नाही, चाकोरीतून धावतं. उतारावर त्याचा ओघळ होतो आणि वरची सुपीक माती नाल्यात जाते. बी पडलं तरी रोपाचं मूळ खाली जात नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते म्हणून थोडी मोकळी होते. पण खोलवर दबलेली माती वर्षानुवर्षे तशीच राहते.

मग ओल ओळखायची कशी? वीतभर खोल खणून मूठभर माती घ्या. उतारावर, मध्ये आणि खोलगटात, अशी तीन ठिकाणची घ्या. सरगुंडे करताना कणीक वळतो तशी तळहातावर वळा. काडेपेटीतल्या काडीहून थोडी जाड वळी न तुटता झाली, तर माती ओली आहे, ट्रॅक्टर थांबवा. तेवढी बारीक होण्याआधीच वळी तुटली, तर वाहतूक चालेल. मुरमाड मातीची वळी होत नाही. ती मुठीत दाबा. गोळा टिकला तर थांबा, भुगा झाला तर चालेल.

दुसरी गोष्ट वाटेची. सगळ्यात जास्त माती पहिल्याच फेरीत दबते. म्हणून दर फेरीला नवी वाट नको. एकच वाट ठरवा, ती नाल्यापासून दूर ठेवा, त्यावर तोडलेल्या फांद्या अंथरा. ट्रॉली अर्धीच भरा.

काम थांबलं तर मजुरी बुडेल, ही काळजी आम्हालाही आहे. म्हणून थांबवायची ती फक्त वाहतूक. तोड, मोळ्या बांधणं, रचून ठेवणं ही कामं तेवढे दिवस चालू ठेवता येतात. काम देणाऱ्याशी हे आधीच बोलून घ्यावं.

आता अधिकाराचं. 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या पाचव्या कलमानं जंगल आणि पाण्याचे स्रोत सांभाळण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. 2012 च्या दुरुस्त नियमांनुसार वनहक्काच्या ग्रामसभेला हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात. म्हणजे आपण गेलो नाही, तर सभाच पूर्ण होत नाही. जिथं सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथं बांबू विकताना "ओल्या जमिनीवर वाहतूक नाही" ही अट करारात लिहून घ्या. लाकडाचा कूप वनखात्याचा असेल, तर तोच ठराव करून लेखी द्या आणि पोच घ्या.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं मूठभर माती आणा. वळी करून बघू आणि ग्रामसभेत काय मांडायचं ते तिथंच ठरवू.