मिरजेत आपलं स्वागत



मिरजेला पाहुण्यांची सवय आहे. पण त्यांतले बरेचसे काखेत एक्स-रेचं पाकीट घेऊन येतात. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचं रुग्णालय सुरू केलं. कोकणातून आणि बेळगाव-विजापूरकडून आजही माणसं उपचारासाठी इथे उतरतात. या परिषदेला अर्थशास्त्राचे व आरोग्याचे अभ्यासक, म्हणजे धडधाकट पाहुणे, एवढ्या संख्येने आलेले पाहून स्वागत समितीला विशेष आनंद झाला आहे.

आपला विषय आहे उपचारांच्या खर्चाचा बोजा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. चांगलंच झालं. पण खिसा कोणाचा, हे त्या टक्क्यांत दिसत नाही. पंचवीस हजारांचं बिल कायम नोकरीवाल्याच्या घरी बहुधा विम्यातून भागतं. छोटा दुकानदार ठेव मोडतो, नाहीतर दागिने गहाण टाकतो. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो, म्हणजे पुढच्या हंगामाची मजुरी आजच संपते.

त्याहून खालचा माणूस पुष्कळदा खर्चच करत नाही. इथल्या औषधांच्या दुकानाशी सायंकाळी घटकाभर उभे राहा. साखरेच्या गोळ्यांची अख्खी पट्टी नको, चारच कापून द्या, असं सांगणारी बाई दिसेल. त्या चार गोळ्या ती एक दिवसाआड घेते. पाहणीच्या तक्त्यात तिचा खर्च किरकोळ, म्हणजे तिच्यावर बोजा नाही! या विषयातला सर्वांत फसवा आकडा मला हाच वाटतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचं कवच आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं आहे. मोठ्या शस्त्रक्रियेत त्याने घरं वाचतात, यात शंका नाही. मात्र ते मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावर कामी येतं. ओपीडीची फी, तपासण्या, महिन्याच्या गोळ्या, एसटीचं भाडं, सोबत आलेल्याचा बुडालेला रोज हे सगळं घरच्यांनीच सोसायचं.

म्हणून यजमानाच्या हक्काने एक मागणी करतो: दुपारच्या सत्रात दाखल रुग्णांचा आणि ओपीडीचा खर्च एकत्र करू नका, वेगवेगळा मांडा, आणि ज्यांनी उपचारच टाळला त्यांचा रकाना कोरा ठेवू नका. स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं मनःपूर्वक स्वागत.