दमसास : सायकलीने की पायांनी?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आम्ही आपण होऊन निवडलेला नाही. एका प्रसंगाने तो आमच्यापुढे आणून ठेवला. पोलादपूरकडील आमच्या नात्यातील एक तरुण दोन वर्षे पोलीस भरतीची तयारी करीत होता. वडिलांनी ऐपतीबाहेर जाऊन त्यास गिअरची सायकल घेऊन दिली. भल्या पहाटे उठून तो महाडपर्यंत जाऊन येई. सुटीच्या दिवशी आंबेनळी घाटही चढे. त्याच्या दमाविषयी आम्हां कोणासही शंका नव्हती. प्रत्यक्ष मैदानावर मात्र १६०० मीटरांच्या धावेत तिसऱ्या फेरीलाच त्याच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आणि मागचे सारे पुढे निघून गेले. घरी आल्यावर त्याने विचारले, "काका, दोन वर्षे मी केले ते काय होते?"

त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. आज तो प्रयत्न करीत आहोत.

पहिली गोष्ट ही की, ते कष्ट वाया गेलेले नव्हते. पोलादपुराहून महाबळेश्वरास जाणारा रस्ता सुमारे ४० किलोमीटरांचा, आणि तेवढ्यात माणूस सव्वा हजार मीटरांहून अधिक उंची चढून जातो. चढावर सायकलस्वार आपल्या देहाबरोबर यंत्राचेही ओझे वर नेत असतो. अशा श्रमाने हृदयाचा ठोका सशक्त होतो, एकेका ठोक्यास अधिक रक्त फेकले जाते आणि विश्रांतीच्या वेळची नाडी संथ होते. हृदयास पायडल आणि जमीन यांतील भेद कळत नाही. तो कळतो स्नायूंना. दमसासाचा अर्धा भाग छातीत असला तरी उरलेला अर्धा, ज्या स्नायूंनी काम करावयाचे त्यांच्यातच मुरावा लागतो.

सायकलीवर देहाचा भार बैठकीवर असतो. मांडीचा पुढचा भाग पायडल दाबतो आणि पाय गोल फिरतो. धावताना प्रत्येक पावलागणिक देहाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार क्षणभर एका पायावर येतो. साठ किलोंच्या मुलाने १६०० मीटर धावावयाचे म्हणजे हजाराच्या वर पावले, आणि दर पावलास सव्वाशे ते पावणेदोनशे किलोंचा धक्का! तो धक्का सोसताना स्नायू ताणला जात असतानाच त्यास आवळून धरावे लागते. पोटरी आणि टाचेमागील कंडरा स्प्रिंगेप्रमाणे दबून पुन्हा उसळतात. ही शिकवण सायकल देऊच शकत नाही. शिवाय उतारावर सायकलस्वार पाय थांबवून बसू शकतो; धावणाऱ्यास ती सवलत नाही. म्हणूनच धावून कमावलेला दम सायकलीवर बऱ्याच अंशी उपयोगी पडतो. सायकलीवरचा दम धावण्यास त्या मानाने कमी. सपाटीवर एक किलोमीटर धावण्याचे श्रम सायकलीच्या तीनेक किलोमीटरांएवढे, असा ढोबळ हिशेब आहे.

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांचेच पाहा. लहानपणी शाळेची वाट ते पायीच तुडवीत, पुष्कळदा धावत. पुढे ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांनी रौप्यपदक मिळविले. आमच्या महाड तालुक्यातील फौजी आंबवडे गावाने सैन्यास पिढ्यानपिढ्या माणसे दिली, तीही पायवाटांवर वाढलेली. आज दारातून मोटारसायकल निघते आणि मूल वर्गाशी उतरते. मग अठराव्या वर्षी त्याने एकदम धावावे, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

तथापि सायकलीस आम्ही उणे लेखीत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरांचे अंतर आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत पार केले. इतका दीर्घ श्रम दिवसामागून दिवस करता येतो तो सायकलीवर धक्का नसल्यामुळेच. धावण्याचा सराव घाईने वाढविणाऱ्यांची नडगी दुखू लागते, क्वचित हाडास बारीक चीरही जाते. तेव्हा धावणे थांबवून सायकल घ्यावी; पाय बरा होईतो दम राखला जातो. पन्नाशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या आमच्यासारख्यांस तर सायकलच हितकर. मात्र हाडे बळकट होण्यास धक्का लागतोच, म्हणून सायकल चालविणाऱ्याने चालणेही सोडू नये. रायगडाच्या चौदाशेंहून अधिक पायऱ्या आपल्या अंगणातच आहेत.

तेव्हा भरतीच्या उमेदवाराने आठवड्यातून चार दिवस धावावे, दोन दिवस सायकल चालवावी, एक दिवस स्वस्थ राहावे. राज्य राखीव दलासाठी तर ५ किलोमीटर धावावे लागते. तेथे सायकलीचा जोड विशेष उपयोगी. डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट बरी, आणि महामार्गावर अंधारात धावणे मुळीच नको.

एक गोष्ट थोडी कडू आहे, पण बोलतो. मुलींस भरतीत ८०० मीटर धावावे लागते. मुलगी पोलीस व्हावी असे म्हणणारीच काही वडीलधारी मंडळी ती पहाटे वाडीबाहेर धावू लागली की कपाळास आठ्या घालतात. ज्या घरास मुलीची वर्दी हवी आहे, त्याने तिचे धावणेही सोसले पाहिजे. सोबतीस भाऊ जावा, बाप जावा. आमच्या मते आईने जावे हे सर्वांत उत्तम.

आता त्या तरुणाविषयी. गेल्या दिवाळीनंतर भातकापणी झालेल्या खाचरांच्या कडेने त्याने धावणे सुरू केले. पहिला महिना पोटऱ्यांनी त्यास रडविले. दुसऱ्या महिन्यात ओरड थांबली, आणि छातीतला जुना दम कामी येऊ लागला. वयाच्या मर्यादेत त्यास आणखी एकच भरती मिळेल. सायकल विकण्याचा त्याचा विचार होता. आम्ही विकू दिली नाही. दोन दिवस तो तिच्यावर घाट चढतो, उरलेले दिवस त्याची धाकटी बहीण ती शाळेस नेते.